अडीच तोळे कमी

मी अच्छेर बोलतोय. अच्छेर म्हणजे अर्धा शेर, चाळीस तोळे. निदान सरकारदरबारी तसं मानलं जायचं. आज माझं खरं वजन साडेसदतीस तोळे आहे आणि उरलेले अडीच तोळे कुठे गेले हे सांगण्यासाठीच मी तोंड उघडलं आहे.

वजनाने बोलू नये अशी रीत आहे. पारड्यात बसावं, गप्प राहावं आणि समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांना एकमेकांवर विश्वास ठेवण्याच्या त्रासातून वाचवावं, एवढंच आमचं काम. पण उद्या सकाळी मला बडनेऱ्याला गाडीत बसायचं आहे आणि या खेपेला मी परत येईनच अशी खात्री नाही. तेव्हा आजच बोलून घेतो.

माझा जन्म अकोल्याचा. तिथल्या एका कापसाच्या जिनातलं दातेरी चाक मोडलं, ते भंगारात गेलं, भंगारातून ओतकाम करणाऱ्याच्या भट्टीत गेलं आणि त्यातून आम्ही नऊ भावंडं निघालो. त्यामुळे कापसाशी माझं जुनं नातं आहे असं मी समजतो. कापसाने ते कधी मान्य केलेलं नाही.

ओतीव लोखंड नेमक्या वजनाचं कधीच उतरत नाही. म्हणून आमच्या बुडाला एक भोक ठेवतात, त्यात शिसं ओततात आणि थेंबाथेंबाने वजन पुरं करतात. डोक्यावर उचलायला एक कडी. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने वजनांचा कायदा केला, तेव्हा एक साहेब आले. त्यांनी मला उलटं करून त्या शिश्यावर शिक्का मारला. माझा सगळा प्रामाणिकपणा पोटातल्या त्या शिश्यात आहे, हे मला त्या दिवशी कळलं. बाकीचं नुसतं लोखंड.

मला विकत घेतलं अमरावतीच्या महादेवरावांनी. जातीने माळी, गावाबाहेर मळा, भाजीबाजारात दुकान. त्यांच्यामागे मी त्यांच्या मुलाच्या, नत्थुजींच्या हातात आलो. नत्थुजींची एक सवय होती. उजव्या हातात मला घ्यायचे, डाव्या हातात वांगी, आणि डोळे मिटून उभे राहायचे. एखादं वांगं काढायचे, एखादं टाकायचे आणि मगच तराजूला हात घालायचे. तराजूने त्यांना खोटं ठरवल्याचं मी माझ्या आयुष्यात दोनदा पाहिलं. त्यातल्या एकदा तराजूच बिघडलेला निघाला.

गिऱ्हाइकांविषयी मी फार बोलत नाही. एवढंच सांगतो की सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेताना माणूस तराजूच्या काट्याकडे ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने तो देवाकडे पाहत असता तर बरीच देवळं ओस पडली नसती.

माझा दुसरा धंदा पाण्यातला. कौंडण्यपूरला कार्तिकात जत्रा भरते. एका वर्षी नत्थुजी दर्शनाच्या रांगेतून हळूच सटकले आणि वर्धा नदीच्या डोहावर दोरी टाकून बसले. पाहतात तो शेजारी आणखी दोघे रांगेतून सटकलेले. एक खुशालराव, अकोल्याकडचे कुणबी, घरची काळी जमीन, अंगाने धिप्पाड, आवाज त्याहून धिप्पाड. दुसरे देवीदास, बडनेरा स्टेशनावर पार्सलचे कारकून, ज्यांना उरलेले दोघे पुढे आयुष्यभर ‘बाबू’ म्हणत आले. तिघांची मैत्री तिथे झाली आणि दर हिवाळ्यात डोहावर बसायचा नेम पडला.

मासेमारी तळाची. दोरीच्या टोकाला वजन, वजनाच्या हातभर वर गळ. वजन तळाला टेकलं की दोरी तर्जनीवरून घ्यायची आणि वाट पाहायची. इतर लोक वजन म्हणून दगड बांधतात. नत्थुजी मला बांधायचे.

“लेका, दुकानाचा अच्छेर पाण्यात बुडवतं?” खुशालरावांनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

“दगडाचं वजन मले मालूम नाही. याचं हाय,” नत्थुजी म्हणाले. “हा तळाले टेकला का बोटावरून तेवढंच वजन उतरते. त्याच्यावर गुंजभर चढलं का समजायचं, पाहुणा आला.”

अशी सतरा वर्षं गेली. मग नत्थुजींचे डोळे गेले. एकदम नाही. आधी काटा दिसेना, मग काट्यामागचा माणूस, मग दुपारच्या उजेडात नुसता पांढरा धूर. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि हे परतायचं नाही, असंही सांगितलं.

तरी नत्थुजी तराजूवर बसत. एक दिवस एका पागोटेवाल्या सभ्य गृहस्थाने अच्छेर भेंडी घेतली. मी या पारड्यात होतो, म्हणून मला नीट दिसलं. काटा मध्यावर आला तरी ते हात मागे घेईनात. अंगठ्याने माझं पारडं हळूच दाबून धरलं होतं आणि समोरच्या पारड्यात जास्तीची भेंडी पडत होती. नत्थुजींनी थैली उचलली, थांबले आणि तिच्यातून मूठभर भेंडी काढून टोपल्यात परत टाकली.

गृहस्थाने सगळा बाजार गोळा केला. आंधळा माणूस, आणि वर दुसऱ्याला चोर म्हणतो! थैली पुन्हा तोलली असती तर प्रकरण मिटलं असतं, पण एवढ्या गर्दीत तोलायचं कुणाला सुचतं? नत्थुजींचा मुलगा भगवंत मळ्यातून आला होता. त्याने हात जोडून माफी मागितली, वर मूठभर भेंडी दिली आणि संध्याकाळी घरी सांगून टाकलं.

“बाबा, उद्यापासून काट्यावर मी बसतो. तुमाले दिसत नाही.”

“हाताले समजते ना.”

“लोकाइले काय हात दाखवान? लोक काटा पायतात.”

“मी डोहावर दोरी धरतो तवा काय डोयानं धरतो?”

“तो डोह तुमच्या सतरा वर्साच्या वयखीचा हाय, बाबा. डोहातले मासे बी वयखीचे.” भगवंत वाईट मुलगा नव्हता; बापाचं भर बाजारात झालेलं हसं त्याला सोसलं नव्हतं. “बिनवयखीच्या, परक्या पाण्यात दाखवा, मंग मानतो.”

नत्थुजींची बायको दुर्गाबाई चुलीपाशी होत्या. त्यांना वाटलं, विषय इथे संपला. नत्थुजी उठले, चाचपडत मला उचललं आणि म्हणाले, “समुद्राच्या तयातून मासा काढून आणतो. माह्या हातानं, कोणाचा हात न लागता. आणला तर काट्यावर मी, मरेपर्यंत. नाही आणला तर काट्याले पुन्हा हात लावणार नाही. बोला.”

“समुद्र कुठी हाय ते तरी मालूम हाय का तुमाले?” दुर्गाबाई म्हणाल्या.

“बाबूले मालूम असन.”

बाबूंना खरोखरच ठाऊक होतं. बडनेऱ्याला सुके बोंबील आणि सुकट यांची पार्सलं यायची. ती पाठवणाऱ्या, समुद्रकाठच्या थळ गावच्या एका तांडेलाशी, म्हणजे होडीवाल्या कोळ्याशी, देवीदासांचा बारा वर्षांचा पत्रव्यवहार होता, सगळा फुटलेल्या टोपल्यांविषयी. या खेपेला त्यांनी टोपल्यांचा उल्लेख न करता पत्र लिहिलं, आणि तांडेलाने काळजी वाटून उलट टपाली ‘या’ म्हणून कळवलं.

पौषात निघालो. सामान असं: ज्वारीच्या भाकरी, ठेचा, जवसाची चटणी, तीन घोंगड्या, अंबाडीच्या पक्क्या दोरीचं वेटोळं, मी, आणि खुशालरावांच्या काळ्या जमिनीतली गांडुळं एका डब्यात. समुद्रातल्या माशांनी असला माल जन्मात पाहिला नसेल, असं खुशालरावांचं म्हणणं होतं. ते पुढेही पाहू शकले नाहीत, कारण गांडुळं कल्याणच्या आतच मेली. मुंबईला आगबोट, रेवसला बैलगाडी आणि दुसऱ्या संध्याकाळी थळचा किनारा.

तिघे ओळीने वाळूत उभे राहिले. नत्थुजींना नुसता आवाज ऐकू येत होता.

“कसं हाय बे?” त्यांनी विचारलं.

खुशालराव जरा वेळ काही बोलले नाहीत. ही घटना मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. मग म्हणाले, “येवढं पाणी, आन् एक मोट नाही कोणाची! बाबू, याच्यावर कापसाची पराटी येईन काय?”

“खारं आहे,” देवीदास म्हणाले.

“मंग कायले ठेवलं येवढं?”

सकाळी तांडेलाची होडी खांदेरी बेटाच्या बाजूला निघाली. तिथे पाण्याखाली खडक आहेत आणि खडकात मोठा मासा राहतो. होडी थांबली तेव्हा नत्थुजींनी मला काढून अंबाडीच्या दोरीला पक्की गाठ मारली. तांडेल बघत होता. त्याने आपल्या दोरीला साधा गोटा बांधला होता, तोही बारीकशा सुतळीने.

“शेट, ही गाठ खोटी,” तो म्हणाला. “वजन सुतलीनं बांधा. खाली खरपाच्या फटीत अरकला तं सुतली तुटंल, वजन जाईल, मासा तरी वर येल.”

“वजन जाईन?” नत्थुजींनी मला छातीशी धरलं. “हे माह्या बापाचं दुकानाचं वजन हाय. जाऊ कसं देऊ?”

तांडेलाने आयुष्यात बरेच प्रकारचे लोक पाहिले असतील. दुकान घेऊन समुद्रात आलेला माणूस तो पहिल्यांदाच पाहत होता. त्याने कोळंबीचे तुकडे पुढे केले.

मी खाली निघालो. डोहाचा तळ मला ठाऊक होता: पाच-सहा पुरुष पाणी, मऊ गाळ, एखादा मोडका घडा. इथे मी जात राहिलो, जात राहिलो. उजेड हिरवा झाला, मग निळा, मग नाहीसाच झाला. शेवटी एका खडकावर टण्णकन आदळलो. वर नत्थुजींच्या बोटाने तो ठोका ऐकला असणार, कारण दोरी लगेच ताणली गेली आणि वीतभर वर येऊन थांबली. एवढ्या खोल, एवढ्या अनोळखी ठिकाणी माझ्या कडीला त्यांचं बोट होतं. मला बरं वाटलं.

पहिल्या दोन तासांत खुशालरावांचं आतलं सगळं बाहेर पडलं. नांगर टाकलेली होडी पुढे जात नाही, नुसती वरखाली होते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तशाही अवस्थेत त्यांना एक ढोमा मासा लागला. देवीदासांना दोन लागले, त्यांतला एक तर ते तपकीर ओढत असताना. नत्थुजींना काही नाही. कोळंबी कुरतडून लहानसहान मासे पळत होते, आणि ते मोठे नाहीत हे नत्थुजी प्रत्येक वेळी ओढण्याआधीच सांगत होते.

दुपार व्हायला आली तेव्हा नत्थुजींनी दोरी वर घेतली, गळ तपासला आणि पाणी प्यायला मागे वळले. तेवढ्यात खुशालरावांनी देवीदासांकडे पाहिलं, देवीदासांनी तांडेलाकडे, आणि तांडेलाने आकाशाकडे. खुशालरावांनी आपला ढोमा उचलून नत्थुजींच्या गळाला अडकवला आणि मला त्याच्यासकट अलगद पाण्यात सोडलं.

“नत्थू, दोरी धर लवकर! काहीतरी हाललं!”

नत्थुजींनी दोरी बोटावर घेतली. डोळे मिटले, जसे वांगी घेऊन मिटायचे तसे.

“खुशालराव,” ते शांतपणे म्हणाले, “हा कवा मेला?”

खुशालरावांनी ओले हात धोतराला पुसले.

“जिता मासा वढते. मेला नुसता लटकते. वीस तोये असन. तुहाच ना?”

“अरे, तुह्यासाठीच केलं ना बे! घरी कोण पाहाले येते?”

“मी पाहून राहिलो ना,” नत्थुजी म्हणाले. दोरी वर ओढून त्यांनी ढोमा काढला आणि आवाजाच्या दिशेने खुशालरावांच्या मांडीवर फेकला. “भगवंतानं काट्यावरून उठवलं, ते मी सोसलं. तुमी तर मले हातावरून बी उठवून राहिले.”

मग त्यांनी गळाला नवी कोळंबी लावली आणि मला पुन्हा खाली सोडलं.

आणि मग तो आला. मी त्याला त्यांच्या आधी पाहिलं. खडकाच्या कपारीतून एक तोंड बाहेर आलं, एवढं मोठं की त्यात मी कडीसकट मावलो असतो. गोब्रा, खडकातला तो मोठा मासा. त्याने कोळंबी घेतली, गळ घेतला आणि घाई न करता पुन्हा आपल्या घरात निघाला. त्याच्यामागे मीही ओढला गेलो आणि दोन खडकांच्या फटीत असा बसलो की वऱ्हाडातल्या कुठल्या दाराची खुंटीही तशी बसत नसेल.

“सहा शेर!” वर नत्थुजी ओरडले. “सहा शेराच्या खाली नाही!”

“अरकला,” तांडेल म्हणाला. दोरीकडे पाहूनच त्याला कळलं. सुतळी असती तर ती याच क्षणी तुटली असती. मी तिथेच राहिलो असतो आणि मासा वर गेला असता. पण मी अंबाडीने बांधलेला होतो. “दोरी कापा, शेट.”

“नाही.”

खुशालराव पोट धरून उठले आणि त्यांनी दोरीला हात घातला. तो धिप्पाड हात लागला असता तर मी केव्हाच सुटलो असतो.

“हात नोको लावू!” नत्थुजी म्हणाले. “दुसऱ्याचा हात लागला का पैज गेली.”

“बोटं पाय तुही! रक्त निंघून राहिलं!”

“मले दिसत नाही,” नत्थुजी म्हणाले आणि ओढत राहिले.

किती वेळ ओढत होते ते मला सांगता येणार नाही. खाली घड्याळ नव्हतं. दर हिसक्याला खडकाची एक धार माझ्या बुडात घुसत होती. तिथे लोखंड नाही, तिथे शिसं आहे, आणि शिसं मऊ असतं. एका हिसक्यात मला पोटातून काहीतरी निसटल्यासारखं वाटलं. जागा झाली, फट सैल पडली आणि मी सुटलो. वर जाताना मी खाली पाहिलं. सरकारचा शिक्का खडकांच्या मधोमध हळूहळू खाली चालला होता. शेजारून गोब्राही गेला, तोंडातला गळ सरळ करून टाकून देऊन.

मी एकटाच वर आलो.

नत्थुजींच्या दोन्ही हातांची बोटं चांगलीच कापली होती. तांडेलाने हळद दाबून चिंध्या गुंडाळल्या. त्या हातांना तेव्हा डोंगर हलका झाला असता तरी समजलं नसतं. देवीदासांनी मला सोडवून ओल्या पिशवीत टाकलं. त्यांनी मला उलटं करून पाहिलं नाही. पार्सल आत काय आहे हे न पाहता उचलायची त्यांना नोकरीची सवय.

परतीच्या गाडीत खारवलेल्या माशांची टोपली होती. भुसावळपर्यंत कुणी त्या टोपलीकडे पाहिलं नाही. मग देवीदास म्हणाले, “नत्थुजी, यातला एक...”

“बाबू,” नत्थुजी म्हणाले, “तुमची नोकरी किती वर्साची झाली?”

“सव्वीस.”

“खोट्या पावत्या किती फाडल्या?”

देवीदासांनी टोपली पायाने बाकाखाली सारली.

घरी दुर्गाबाई दारातच उभ्या होत्या. हातांच्या चिंध्या पाहून त्यांनी तोंडाला पदर लावला, आणि लगेच काढला. “मासा?”

“नाही.”

“मंग?”

“हरलो,” नत्थुजी म्हणाले. मासा सुटला, खडक आडवा आला, दोरी चुकली, यातलं एकही वाक्य नाही. मी कितीतरी हरलेली माणसं तराजूच्या या बाजूने पाहिली आहेत. एका शब्दात हरणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात काट्यापासून दोन हात लांब, गोणपाटावर बसू लागले. चिंध्या बांधलेले हात मांडीवर. आणि मी पारड्यात.

आता माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट भाग. भगवंत मला ठेवायचा, वांगी तोलायचा, काटा मध्यावर आणून गिऱ्हाइकाला दाखवायचा. काटा बरोबर होता. तराजू बरोबर होता. भगवंताचे डोळे उत्तम होते. खोटा मी होतो. दर तोलाला अडीच तोळे. गिऱ्हाइकं काट्याकडे टक लावून पाहत आणि समाधानाने घरी जात. माझ्या बुडाच्या भोकात थळची काळी रेती बसली होती आणि मला उलटं करून पाहावं असं कुणाला वाटत नव्हतं. ओरडून सांगावं असं रोज वाटे. पण सांगितलं ना, वजनाने बोलू नये अशी रीत आहे.

नवव्या दिवशी चिंध्या सुटल्या. बोटांवर गुलाबी कातडी आली होती. त्या सकाळी माणिकबाई आल्या. महादेवरावांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी अच्छेर वांगी घेतली आणि सांबार निवडायला वाकताना थैली गोणपाटावर ठेवली. जाताना नत्थुजींनी ती उचलून पुढे केली.

पुढे केली, पण सोडली नाही.

“भगवंत, हे किती तोललं?”

“अच्छेर.”

“नाही.”

“बाबा, काटा पाहून देल्लं मी.”

“कमी हाय. अडीच तोये कमी हाय.”

शेजारच्या दुकानातले लोक माना वळवू लागले. भेंडीचा प्रसंग कुणी विसरलं नव्हतं. भगवंताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माणिकबाई म्हणाल्या, “जाऊ द्या ना, नत्थुजी. डोये गेले, आता हात बी गेला म्हणा. मी काही बोलली काय?”

“मी बोलून राहिलो ना,” नत्थुजी म्हणाले. “काट्याले मी हात लावत नाही. हरलो हावो. भगवंत, तूच लाव. अच्छेर काढ, दोन पावशेर ठेव आन् वांगी पुन्हा तोल.”

भगवंताने, बापाचं पुन्हा एकदा हसं होणार म्हणून मान खाली घालून, माझ्या जागी माझे दोन धाकटे भाऊ ठेवले. वांगी दुसऱ्या पारड्यात. वांग्यांचं पारडं वर गेलं आणि वरच राहिलं.

माना वळवलेले दुकानदार पारड्याजवळ सरकले.

मग भगवंताने मला हातात घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा उलटं केलं. भोकातून चिमूटभर काळी रेती त्याच्या तळहातावर पडली.

“कवापासून हा लावून राहिला?” नत्थुजींनी विचारलं.

“तुमी आले तवापासून.” भगवंताने रेतीवर मूठ मिटली. “बाबा, मले दिसलं नाही.”

मी वाट पाहत होतो, आता नत्थुजी काहीतरी म्हणतील. एवढी आयती जागा कोणता बाप सोडतो? ते एवढंच म्हणाले, “कोणाकोणाले देल्लं, आठव.” त्या संध्याकाळी भगवंत टोपली घेऊन घरोघर हिंडला आणि प्रत्येक घरी मूठभर वांगी किंवा भेंडी देऊन, का देतोय ते सांगून आला. पागोटेवाल्या सभ्य गृहस्थांकडेही गेला. त्यांनी भेंडी घेतली. भगवंत सांगत होता, त्यांनी नजर मात्र वर केली नाही.

रात्री जेवताना तो म्हणाला, “बाबा, उद्यापासून काट्यावर तुमी बसा.”

“हरलो तो हरलो. शब्द हाय.”

दुर्गाबाईंनी भाकर ताटात आदळली. “काट्यावर बसा म्हणलं कोणं? भगवंत तोलन. पण तोललेली थैली तुमच्या हातातून गेल्याबगर गिऱ्हाइकाच्या हातात जाणार नाही. काट्याले तुमचा हात लागत नाही, शब्द बी मोडत नाही. आता जेवा.”

ही व्यवस्था वर्षभर चालली आहे. भगवंत तोलतो, थैली गोणपाटावर जाते, नत्थुजी डोळे मिटून क्षणभर धरतात आणि पुढे करतात. आता लोक काटा पाहत नाहीत, नत्थुजींचा चेहरा पाहतात. माणिकबाई तर सांबाराची एक जुडी घेतली तरी म्हणतात, “त्याइच्या हातातून द्या.” एखाद्याला वाटेल, गोष्ट इथे संपली. दुर्गाबाईंनाही तसंच वाटलं होतं.

मला पुन्हा शिसं भरून शिक्का मारून घ्यावा, असं भगवंताने सुचवलं होतं. नत्थुजींनी नाही म्हटलं. दुकानात नवा अच्छेर आला. तो मला ‘तुम्ही’ म्हणतो आणि माझ्यापासून जरा अंतर ठेवून बसतो. मी खुंटीला टांगलेला असतो, दोरीच्या वेटोळ्यात.

आज दुपारी नत्थुजींनी मला खाली घेतलं. खुशालराव अकोल्याहून सकाळीच आले आहेत आणि यंदा त्यांनी गांडुळं आणलेली नाहीत, चिंच आणली आहे, होडीत चोखायला. देवीदास बडनेऱ्याला गाडीवर भेटतील.

“काट्याजवळ तर बसायले भेटलं ना तुमाले,” दुर्गाबाई म्हणाल्या. “लोक मानतात. आता कायले जाता?”

“लोक मानतात, पण मी हरलेला हावो,” नत्थुजी म्हणाले. “मले जिंकून बसायचं हाय.”

दुर्गाबाई आत गेल्या. थोड्या वेळाने शिदोरीचं फडकं घेऊन बाहेर आल्या. ते नेहमीपेक्षा मोठं होतं. “मासा बांधाले होईन,” म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या.

नत्थुजींनी अंबाडीची दोरी माझ्या कडीतून सोडवली. खिशातून बारीक सुतळी काढली, कडीतून ओवली आणि चाचपडत गाठ मारली. गाठ बांधताना त्यांची बोटं जरा थांबली. त्या बोटांवर आता आडवे पांढरे व्रण आहेत.

“अरे पण याचं वजन आता कमी हाय ना?” खुशालराव म्हणाले. “दगड घे. चुकशीन.”

नत्थुजींनी मला उजव्या हातावर घेतलं आणि डोळे मिटले.

“हलका झाला हे खरं,” ते म्हणाले. “पण किती हलका झाला, ते माह्या हाताले मालूम हाय.”

वाचकहो, खोटा ठरलेल्या वजनाला याहून मोठा शिक्का मिळत नाही. साहेबांनी मारला होता तो खांदेरीच्या खडकात पडला आहे. हा कुठेही पडायचा नाही. पारड्यात मला कुणी बसवू नये, ती माझी जागा राहिली नाही. पण पाण्यात मी अजून खरा आहे. उद्या निघतो. त्या गोब्र्याचं घर मला ठाऊक आहे. तो आला, गळ घेऊन कपारीत वळला आणि मी फटीत बसलो, तर या खेपेला सुतळी तुटेल. तुटू द्या. वर सहा शेर जाताहेत एवढं मला कळलं की पुरे. आणि नत्थुजी, मागच्यासारखं ओढत बसू नका. मी तळाला टेकलो की तुमच्या बोटावरून साडेसदतीस तोळे उतरतील. तेवढं बोटाला आठवत राहू द्या.